ईसीयूची चिप वाचली, म्हणून कळलं

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला. कंपनीच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत नियम पाळतात आणि रस्त्यावर आल्या की मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, असा तो ठपका होता. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. सायलेन्सरच्या नळीला उपकरणं बांधून मोजणाऱ्यांना प्रदूषण किती, ते कळलं होतं. पण आपली परीक्षा चालू आहे हे गाडीला कसं कळतं, याचं उत्तर धुरात सापडणारं नव्हतं. ते इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, म्हणजे इंजिन कंट्रोल युनिटच्या किंवा ईसीयूच्या (गॅरेजमध्ये बहुधा ‘ईसीएम’ म्हणतात) मेमरी चिपमध्ये होतं. त्याच डिसेंबरात हॅम्बुर्गच्या एका परिषदेत फेलिक्स डोमके या हॅकरने ते उलगडून दाखवलं. आपल्याच फोक्सवॅगनच्या ईसीयूतला प्रोग्राम बाहेर काढून त्याने तो वाचला होता.

चिप ‘वाचणं’ म्हणजे काय, हे समजायचं तर आधी त्या डबीत काय असतं ते पाहू. प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारा प्रोग्राम. पण इंजिनाचा स्वभाव ठरतो तो आकड्यांच्या तक्त्यांमुळे. इंजिनाचे फेरे इतके, पेडल इतकं दाबलंय, तर डिझेल किती सोडायचं? प्रोसेसर प्रत्येक वेळी गणित नव्याने मांडत बसत नाही. शाळेत लॉग टेबल पाहायचो तसा तो ओळ आणि स्तंभ गाठतो आणि नेमकी किंमत तक्त्यात नसेल तर शेजारच्या आकड्यांवरून मधली काढतो. या तक्त्यांना ‘मॅप’ म्हणतात आणि ते बदलण्याच्या धंद्याला ‘रीमॅपिंग’. बऱ्याच ईसीयूंमध्ये याशिवाय आठ पायांची एक छोटी चिप असते. इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या कुलपाची) खूण, चॅसिस नंबर अशा त्या एकाच गाडीच्या गोष्टी तिच्यात राहतात. दुसऱ्या गाडीचा अगदी तोच ईसीयू आणून बसवला तरी इंजिन सुरू होत नाही, ते बहुतेकदा हिच्यामुळे.

बॅटरी काढली तरी हे सगळं टिकतं कसं? ट्रान्झिस्टरच्या आत सिलिकॉन डायऑक्साइडने चारी बाजूंनी वेढलेला एक तुकडा (गेट) असतो, त्याला कुठलीही तार जोडलेली नसते. जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन त्या कवचातून आत ढकलले की ते वर्षानुवर्षं तिथेच अडकून पडतात. आत इलेक्ट्रॉन असले तर ० आणि नसले तर १, असं सर्वसाधारणपणे वाचलं जातं. ही कल्पना १९६७ साली बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. इंटेलमधल्या डॉव्ह फ्रोमनला ती वापरण्याजोगी करण्याची वाट सापडली, तीही गमतीने. कंपनीच्या एका मेमरी चिपमधला बिघाड शोधताना काही ट्रान्झिस्टरचे गेट तुटून अधांतरी राहिलेत असं त्याला दिसलं. बिघाड दुरुस्त करायचा सोडून त्याने त्याचाच उपयोग करून घेतला आणि १९७१ मध्ये ‘ईप्रॉम’ ही पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप तयार झाली.

ईप्रॉमच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असायची. आतला मजकूर पुसायचा तर तिच्यावर वीसेक मिनिटं अतिनील प्रकाश टाकायचा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाड्यांचं ‘चिप ट्यूनिंग’ म्हणजे सॉकेटमधली ही चिप उपटायची, प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर वाचायची आणि बदललेली प्रत दुसऱ्या चिपवर लिहून ती बसवायची. उन्हाने मजकूर उडू नये म्हणून खिडकीवर स्टिकर चिकटवलेला असे. मूळ चिप डब्यात जपून ठेवली की पुढे काहीही बिघडलं तरी परतीचा रस्ता मोकळा. इतकी निर्धास्त सोय नंतर पुन्हा मिळाली नाही.

कारण मग फ्लॅश मेमरी आली, तोशिबाच्या फुजिओ मासुओकाची. ती विजेनेच पुसता येते, पण तिची एक अट आहे. एखाद्या १ चा ० सुटा करता येतो, ० चा १ करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. बॉशच्या ईडीसी १५ या डिझेल ईसीयूमध्ये असणाऱ्या ५१२ केबीच्या २९एफ४०० चिपमध्ये बहुतेक ब्लॉक ६४ केबीचे असतात. मॅपमधला एक आकडा बदलायचा तरी त्याच्या आजूबाजूचं हजारोंचं गोत पुसून पुन्हा लिहिणं आलं. नेमकी त्या मधल्या वेळात बॅटरी बसली, तर प्रोग्राम अर्धवट राहतो आणि गाडी टो करून न्यावी लागते. म्हणून जाणता माणूस लॅपटॉप जोडण्याआधी बॅटरीला चार्जर लावतो. शिवाय प्रोग्राम स्वतःच्या आकड्यांची बेरीज तपासत असतो. ती ‘चेकसम’ जुळली नाही, तर काही ईसीयू इंजिन सुरूच होऊ देत नाहीत.

वाचण्याचे मार्ग तीन. चिपचे पाय डाखातून सोडवून किंवा त्यांना चिमटा लावून थेट वाचायचं. बोर्डावरच्या चाचणीसाठीच्या जागांतून प्रोसेसरला विनवायचं. किंवा स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून, जिथे मेकॅनिक बिघाड तपासायचं यंत्र जोडतो. शेवटचा मार्ग सभ्य, पण त्यावर पहारा असतो: ईसीयू एक आकडा देतो आणि गुप्त सूत्राने काढलेलं योग्य उत्तर मिळालं तरच दार उघडतो. जुन्या गाड्यांत हे संभाषण एकाच तारेवरून सेकंदाला १०,४०० बिटच्या वेगाने चाले. हिशेब केला तर ५१२ केबी वाचायला फार सुरळीत चाललं तरी आठ मिनिटं. पुढच्या काळातले कित्येक ईसीयू तर सॉकेटमधून लिहू देतात, वाचू देत नाहीत. कंपनीला सर्व्हिस सेंटरमध्ये नवं सॉफ्टवेअर भरायचं असतं. जुनं कुणी बाहेर काढून पाहावं, अशी तिला काही गरज नसते.

बाहेर आलेली फाईल पहिल्यांदा निव्वळ आकड्यांचा चिखल वाटते. पण बॉशची असेल तर १०३७ ने सुरू होणारा सॉफ्टवेअर क्रमांक त्यात सरळ वाचता येतो आणि आकड्यांचा आलेख काढला की मॅप जिथे असतील तिथे ठरावीक अंतराने तेच चढउतार दिसतात. फोक्सवॅगनच्या फाईलींत अशाच काही वक्ररेषा सापडल्या: इंजिन सुरू झाल्यापासून किती वेळात किती अंतर कापलं जावं, त्याच्या वरच्या आणि खालच्या मर्यादा. त्यांतली एक जोडी युरोपातल्या प्रमाणित चाचणीला तंतोतंत बसत होती. ती चाचणी ११८० सेकंदांची, सुमारे ११ किलोमीटरची. गाडी त्या पट्ट्यात राहिली तर परीक्षा चालू आहे असं समजायचं, पट्टा सोडला तर पोरगं मोकाट. या अटीचं कागदोपत्री नाव होतं ‘ॲकॉस्टिक’, म्हणजे आवाजाशी संबंधित! २०१७ मध्ये जर्मन आणि अमेरिकी संशोधकांनी अशा ९२६ फाईली संगणकाकरवी तपासल्या. फियाट ५००एक्सची युक्ती त्यांना याहून सोपी आढळली. इंजिन सुरू होऊन २६ मिनिटं ४० सेकंद झाली की शुद्धीकरण ढिलं. चाचणी तोवर संपलेली असतेच.

भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने तपासण्या केल्यावर फोक्सवॅगनने डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. दुरुस्तीचा मुख्य भाग होता ईसीयूत नवं सॉफ्टवेअर भरणं, म्हणजे पुन्हा पुसणं आणि लिहिणंच. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा तेवढा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. त्यामुळे कंपनीने केलेली लबाडी असो वा गल्लीतल्या रीमॅपवाल्याने बंद केलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर इंजिनात परत फिरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा), पीयूसीच्या कागदावर दोन्ही निर्मळ.

त्या ९२६ फाईली आल्या कुठून, हे मला सगळ्यांत मजेशीर वाटतं. काही कंपनीच्याच सर्व्हिस पोर्टलवरून आणि बाकीच्या ट्यूनिंगवाल्यांकडून. गाड्यांची ताकद वाढवण्यासाठी ज्यांनी कुलपं फोडली, त्यांच्याच साठ्यातून हा पुरावा निघाला. ही कुलपं फोडणं अमेरिकेत १९९८ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा ठरत होतं. गाडीच्या मालकाला आणि संशोधकाला त्यातून सूट द्यावी का, यावर २०१५ मध्ये विचार चालू होता. जुलैत पर्यावरण संरक्षण संस्थेने पत्र लिहून अशा सवलतीला विरोध केला, लोक सॉफ्टवेअर बदलून प्रदूषण वाढवतील या धास्तीने. दोनच महिन्यांनी तिला फोक्सवॅगनला नोटीस पाठवावी लागली. सूट मिळाली ऑक्टोबरात, तीही एक वर्षानंतर लागू होईल या अटीवर.