ग्लूटेनमुक्त न्याहारी

गहू, जव आणि राय या तीन धान्यांत असलेले ग्लूटेन हे प्रथिन पूर्णपणे टाळून केलेला सकाळचा पहिला आहार म्हणजे ग्लूटेनमुक्त न्याहारी. सिलियाक रोग असलेल्यांसाठी हा पथ्याचा भाग असतो आणि त्यात सूट नसते. जगातील सुमारे १ टक्का लोकांना हा रोग आहे. त्यात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरील बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. सिलियाक नसूनही ग्लूटेनचा त्रास होणारे लोक हेच पथ्य पाळतात. गव्हाची अ‍ॅलर्जी मात्र निराळी. तिच्यात टाळायचा असतो तो गहू. जव आणि राय अनेकांना चालतात. ‘गहूविरहित’ आणि ‘ग्लूटेनमुक्त’ हे शब्द म्हणूनच एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

दिवसाच्या इतर जेवणांपेक्षा न्याहारीचे पथ्य अवघड जाते. पाव, बिस्किटे, दुधात भिजवून खायची तयार तृणधान्ये, रवा, लापशी असे सकाळी झटपट होणारे बहुतेक पदार्थ गव्हाचेच असतात, आणि सकाळी वेळही कमी असतो. त्यामुळे नव्याने पथ्य सुरू केलेला माणूस आधी पावाला पर्याय शोधू लागतो. निराशाही बहुधा तिथेच पदरी पडते. गव्हाचे पीठ मळताना ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिने एकत्र येऊन ग्लूटेनचे लवचिक जाळे तयार होते. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. इतर कोणत्याही धान्यात असे जाळे होत नाही. ग्लूटेनमुक्त पावात त्याची जागा झँथन गम (पीठ घट्ट बांधणारा डिंकासारखा पदार्थ), इसबगोल, अंडी यांच्याकरवी भरून काढतात आणि पिठाचा मोठा भाग तांदूळ, बटाटा, टॅपिओका यांच्या स्टार्चचा असतो. असा पाव खाता येतो, पण त्यात प्रथिने आणि तंतू सहसा कमी असतात, स्निग्धांश बहुधा जास्त, आणि रक्तातील साखरही लवकर चढू शकते. सिलियाक रोग आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह अनेकदा एकाच व्यक्तीत आढळतात, म्हणून ही बाब किरकोळ नाही. ज्या पदार्थांत ग्लूटेन मुळातच नव्हते त्यांवर न्याहारी उभी करणे अधिक शहाणपणाचे आहे. नकली पाव अधूनमधून खावा.

रोगाचे कारण गहू आहे, हे कळायला बराच काळ गेला. अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये सिलियाकच्या मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला. त्या आहारात पाव वर्ज्य होता, म्हणून मुले सुधारली. श्रेय मात्र केळ्यांना मिळाले, आणि बरी झालेली मुले पुन्हा गहू खाऊ लागली. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच गव्हाचा संशय आला होता. १९४४–४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्या संशयाला बळ मिळाले. १९५० मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात ते मांडले. आजचे सगळे पथ्य त्या कामावर उभे आहे.

धान्यांची निवड वाटते त्यापेक्षा मोठी आहे. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, क्विनोआ आणि कुट्टू ही सगळी ग्लूटेनमुक्त आहेत. कुट्टूचे तर गव्हाशी काहीच नाते नाही. ती आंबटचुक्याच्या कुळातली वनस्पती. उलट स्पेल्ट, खपली, ड्युरम, बल्गुर, कुसकुस ही नावे वेगळी असली तरी हा सगळा गहूच, आणि ट्रिटिकेल हा गहू-रायचा संकर. हे सारे वर्ज्य.

ग्लूटेन नसलेल्या पिठाला चिकटपणा आणायचा तो स्टार्चकडून. ज्वारी, बाजरी किंवा तांदळाचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवले की स्टार्च फुगून लगदा बांधला जातो, मग थापताना भाकरीला तडे जात नाहीत. पातळ पिठाला हाही प्रश्न नसतो. तांदूळ आणि डाळ भिजवून, वाटून, रात्रभर आंबवलेले पीठ सकाळी तव्यावर पसरले की काम झाले. आंबवल्याने ते हलके होते आणि धान्यातील, लोह अडवून ठेवणाऱ्या फायटेटचे प्रमाण घटल्याने लोहही जास्त शोषले जाते. हरभऱ्याच्या पिठाची धिरडी तर भिजवून लगेच करता येतात आणि धान्याच्या धिरड्यांपेक्षा त्यांत प्रथिने बरीच जास्त असतात. ज्यांना सकाळी गोड आणि मऊ हवे त्यांच्यासाठी नाचणीची किंवा क्विनोआची खीर आहे, रात्री दुधात भिजवलेल्या चिया बियाही आहेत. क्विनोआ शिजवण्यापूर्वी चोळून धुवावा, नाहीतर वरच्या सॅपोनिन या कडवट द्रव्यामुळे कडू लागतो.

ओट्सबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण सर्वाधिक गोंधळ त्यांच्याबाबत होतो. ओट्समध्ये ग्लूटेन नसते. त्यांतील अ‍ॅव्हेनिन हे प्रथिन बहुतेक सिलियाक रुग्णांना चालते, थोड्यांना चालत नाही. पण शेतात, मळणीत, वाहतुकीत आणि गिरणीत गहू-जव त्यांत मिसळतात, त्यामुळे साधे ओट्स विश्वासाचे नाहीत. वेगळे पिकवलेले आणि ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापलेलेच घ्यावेत, तेही प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांना विचारून आणि थोड्या प्रमाणात सुरुवात करून. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ओट्सवर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिण्यास परवानगीच नाही.

धान्याविनाही न्याहारी होते. अंडी, दही, पनीर, फळे, सुकामेवा, उकडलेले बटाटे किंवा रताळी, शिजवलेली कडधान्ये, इतकेच काय, रात्रीचा भात आणि भाजीसुद्धा. सकाळी अमुकच खावे असा आरोग्याचा कोणताही नियम नाही. दुधाबाबत मात्र सुरुवातीला सावध राहावे. लॅक्टोज ही दुधातील साखर पचवणारे विकर (एन्झाइम) आतड्यातील त्याच उंचवट्यांच्या टोकांवर असते. ते झिजल्यामुळे निदानानंतरच्या काळात अनेकांना दूध पचत नाही, पोट फुगते, आणि पथ्य करूनही त्रास होतोय असे वाटून माणूस खचतो. दही आणि मुरलेले चीज बहुधा सोसते. आतडे भरून आले की दूधही पुन्हा चालू लागते. याच काळात लोहाची कमतरता नेहमीची असते. न्याहारीसोबत संत्रे, पेरू किंवा लिंबू घेतल्यास लोह अधिक शोषले जाते, चहा-कॉफीने ते अडते. म्हणून चहा खाण्यानंतर तासाभराने घ्यावा. कित्येक देशांत गव्हाच्या पिठात लोह आणि फॉलिक आम्ल मिसळलेले असते, पण त्याऐवजी वापरायच्या पिठांत बहुधा नसते. ही उणीव डाळी, पालेभाज्या आणि तेलबियांनी भरावी लागते. रोज सकाळी फक्त तांदूळ हेही बरे नाही. तांदळात जमिनीतील आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त उतरते. धान्ये आलटून पालटून वापरावीत आणि तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकावे.

पथ्य मोडते ते बहुतेक वेळा नकळत. मक्याच्या पोह्यांचे (कॉर्नफ्लेक्सचे) उदाहरण पाहण्यासारखे आहे. मका निर्धोक, पण चवीसाठी त्यात अनेकदा जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा अर्क, घातलेला असतो. माल्टयुक्त दुधाची पेये, सोया सॉस, काही सॉसेज यांतही असाच लपलेल्या ग्लूटेनचा धोका. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसलेल्या पदार्थालाच ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणता येते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेले तर आतड्याला इजा होते, असे अभ्यासात दिसले आहे. १० मिलिग्रॅमपर्यंत ती सहसा होत नाही. मानकाच्या मर्यादेतला पदार्थ दिवसाला अर्धा किलो खाल्ला तरी १० मिलिग्रॅमच होतात. याउलट गव्हाच्या पावाच्या एका कापात सुमारे २ ग्रॅम ग्लूटेन असते, म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भागही रोज जाऊन चालत नाही. घरात सर्वांचा टोस्टर एक असेल, लोण्याच्या डब्यात पावाचे कण असतील, पिठाची चाळणी आणि लाकडी पोळपाट सामाईक असतील, तर अगदी शुद्ध पीठही कामाचे नाही. टोस्टर, चाळणी, लाकडी भांडी आणि लोण्याचा डबा वेगळा ठेवावा. घरात गहू वापरला जात असेल तर ग्लूटेनमुक्त न्याहारी आधी करून घ्यावी, कारण मैद्याची धूळ हवेत बराच वेळ तरंगते.

सिलियाकची शंका असेल तर तपासणीआधी हे पथ्य सुरू करू नये. रक्तातील प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) चाचणी आणि आतड्याची बायॉप्सी, म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्हींसाठी आहारात ग्लूटेन असणे आवश्यक असते. ते बंद केल्यावर काही आठवड्यांत प्रतिपिंडे उतरू लागतात आणि खरा रोगी निरोगी ठरू शकतो.

घराबाहेर अडचण वाढते. हॉटेलातील न्याहारीच्या टेबलावर एकच चमचा सगळ्या भांड्यांतून फिरतो, तव्यावर आधी मैद्याचे काहीतरी भाजलेले असते, आणि काही ठिकाणी ऑम्लेट फुगावे म्हणून त्यात पॅनकेकचे पीठ मिसळतात. ‘यात गहू आहे का?’ एवढे विचारून भागत नाही, ‘हे कशावर आणि कशासोबत केले?’ हेही विचारावे लागते. उत्तर मिळेनासे झाले तर कवचासकट उकडलेले अंडे, आपल्या हाताने सोललेले फळ आणि सील न फोडलेले साधे दही यांवर भागवता येते.