मिसिंग (जुन्या पेट्रोल इंजिनातील)

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधील मिश्रण पेटलेच नाही किंवा अर्धवट जळाले, की त्या फेरीचा जोर मिळत नाही आणि गाडी झटका खाते. यालाच मिसफायर म्हणतात. गॅरेजमध्ये सगळे ‘मिसिंग’ म्हणतात. लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीत ते सतत नसते. सकाळी होते, दुपारी नाही. घाटात होते, मेकॅनिकपुढे उभी केली की नाही. अशा वेळी प्लग, कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज देणारा भाग), पंप असे अंदाजाने बदलत जाणे हा सर्वांत महागडा मार्ग होय.

आधी मिसिंग नेमके कधी होते ते लिहून ठेवावे. इंजिन थंड असताना होऊन तापल्यावर थांबत असेल, तर झिजलेले प्लग, ठिबकणारा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधले पॅकिंग) सिलिंडरमध्ये उतरणारे पाणी यांचा संशय घ्यावा. तापल्यावर सुरू होत असेल, तर कॉइल किंवा क्रँक सेन्सर (इंजिनाच्या फिरण्याची जागा कळवणारा) पाहावा. आतली तार तापून फुगते आणि जोड सुटतो. फक्त आयडलिंगला होत असेल, तर बहुधा बाहेरची हवा आत शिरत असते. खड्ड्यांत होत असेल, तर सैल कनेक्टर किंवा अर्थिंग. चढावर वरच्या गिअरमध्ये होत असेल, तर दोष बहुतेक वेळा ठिणगीचा असतो, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. सीएनजीलाही पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे किट बसवलेली गाडी पेट्रोलवर नीट आणि गॅसवर झटके देत असेल, तर प्लग आणि वायरी आधी काढाव्यात. पेट्रोल-गॅस बदलून पाहण्याच्या या चाचणीला एक बटण दाबण्यापलीकडे काही लागत नाही.

भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ (गाडीतले दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. अशा गाडीला स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचता येतो. पी ०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांत विखुरलेले मिसिंग, पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाचा सिलिंडर. कोड सिलिंडर सांगतो, भाग सांगत नाही. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष आला तेव्हाची नोंद, उतरवून घ्यावी. त्या क्षणाचे आरपीएम, पाण्याचे तापमान आणि लोड तिथे मिळतात. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर २ क्रमांकाची कॉइल ३ वर लावून गाडी फिरवावी. कोड पी ०३०२ वरून पी ०३०३ वर गेला, तर कॉइल खराब. तिथेच राहिला, तर प्लग, मग इंजेक्टर याच रीतीने बदलून पाहावेत, पण एका वेळी एकच. जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनांत बहुधा १-४ आणि २-३ अशा जोड्यांना एकेक कॉइल असते. जोडीतले दोन्ही सिलिंडर मिस होत असतील, तर आधी तीच पाहावी.

प्लग उजेडात धरून पाहावा. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ उभी गेली असेल, तर ठिणगी टोकाशी न पडता त्या रेघेवरून बॉडीला जाते. अशी रेघ प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपीच्या, म्हणजे बूटच्या, आतही उमटते. नवा प्लग घालून जुना बूट ठेवला, की महिनाभरात तक्रार परत. धातूच्या कड्याला लागून दिसणारा तपकिरी डाग मात्र निरुपद्रवी असतो. त्यावरून प्लग फेकू नये. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचले असेल, तर टॅपेट कव्हरचे (इंजिनावरच्या झाकणाचे) सील गेलेले असते आणि ऑइलने बूट मऊ पडतो. प्लगची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. इंजेक्शनच्या गाड्यांत ती साधारण १.० ते १.१ मिमी. असते, सीएनजीसाठी ०.७ ते ०.८ मिमी. ठेवतात, कंपनीने दिलेला आकडा प्रमाण. अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर गळणारी ठिणगी निळसर दिसते आणि पावसाळ्यातले मिसिंग जागेवर पकडता येते. त्या वेळी वायरीला हात लावू नये.

ठिणगी ठीक असेल, तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो तो आकडा, वाचावा. आयडलिंगला +२० टक्के आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ शून्य असेल, तर मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट किंवा तडकलेला रबरी पाइप हवा ओढतो आहे. उलट लोडबरोबर आकडा चढत गेला, तर फिल्टर तुंबला आहे किंवा पंप थकला आहे.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारा दाब. सगळे प्लग काढावेत, कॉइल व इंजेक्टर बंद करावेत, प्लगच्या भोकात दाबाचे गेज लावून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. सिलिंडरांत साधारण १ किग्रॅ./चौ. सेंमी.पेक्षा जास्त फरक नसावा. कमी दाब भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असतील, तर हेड गॅस्केट. सीएनजीवर खूप धावलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) घट्ट होतात आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. तिथे टॅपेट सेटिंगनेच काम होते, मात्र व्हॉल्व्ह जळण्याआधी केले तर.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतला धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळते. दुरुस्तीनंतरची चाचणी फ्रीझ फ्रेममधल्याच तापमानाला, त्याच आरपीएमला आणि तसल्याच चढावर घ्यावी.