हर्णैचे सगळे सीगल 'सायबेरियन' नाहीत

थंडी पडली की हर्णै, आंजर्ले, मुरुडच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरतात आणि दरवर्षी तेच ऐकू येतं: "सायबेरियाचे पाहुणे आले!" हे सरसकट खरं नाही.

या थव्यांत तपकिरी डोक्याचा कुरव (कुरव म्हणजे सीगल) भरपूर असतो. त्याची वीण होते लडाखमधल्या त्सो मोरीरी, त्सो कारसारख्या सरोवरांकाठी, तिबेटात आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवर. म्हणजे यातले काही पाहुणे चक्क आपल्याच देशातले! सायबेरियाशी खरं नातं आहे ते ह्यूग्लिनच्या कुरवाचं. पाठीने गडद करडा, अंगाने थोराड असा हा पक्षी रशियाच्या आर्क्टिक टुंड्रातून येतो.

नाव तपकिरी डोक्याचा, पण हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं. कानामागे तेवढा एक गडद ठिपका. तपकिरी टोपी चढते ती परतीच्या सुमारास. म्हणून ओळखायचं तर दुर्बीण पक्ष्याच्या डोळ्यावर आणि पंखावर धरा. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं बुबुळ फिकट असतं आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे डाग दिसतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो, आणि पंखाची पुढची कड पांढरी.

आणि कृपा करून त्यांना शेव-फरसाण टाकू नका. समोर अख्खा समुद्र आहे, मासळी उतरवणारं बंदर आहे. तळलेलं, खारट खाणं त्यांचं अन्न नव्हे.