ब्रह्मपुत्रेच्या गवतावरचं तूप

गुरांच्या आसऱ्याला नेपाळीत 'गोठ' म्हणतात. आपला गोठाच तो. एकोणिसाव्या शतकात हा गोठ नेपाळच्या डोंगरांवरून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला आणि तिथे त्याला 'खुटी' हे नाव मिळालं.

१८२६च्या यांडाबूच्या तहाने आसाम इंग्रजांच्या हाती आलं. तिथल्या फौजेत गोरखे भरती झाले. पेन्शनीत निघालेल्यांपैकी अनेकजण माघारी गेलेच नाहीत, त्यांनी तिथेच म्हशी घेतल्या. मागोमाग कर्जाने आणि साऱ्याने पिचलेले भाऊबंद आले. घर सोडून 'मुगलान'ला जायचं, असं ते म्हणत. मुगलान म्हणजे हिंदुस्थान.

पण म्हशीच का? त्याचं उत्तर नदीत आहे. ब्रह्मपुत्रेच्या पात्रातली बेटं आणि काठची सखल जमीन, म्हणजे चापरी, दर पावसाळ्यात बुडते. पूर ओसरला की ताज्या गाळावर सगळ्यात आधी गवत उगवतं, माणूस दिसेनासा होईल इतकं उंच आणि राठ. असा जाडाभरडा चारा पचवण्यात म्हैस गाईपेक्षा सरस. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे उन्हात तिला डुंबायला पाणी लागतं. इथे ते पावलोपावली होतं. आसपासच्या रानरेड्यांशी संकर होऊन कळपात दणकट वासरंही निपजत.

दुधाचं गणितही म्हशीच्याच बाजूचं. गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के स्निग्धांश, म्हशीच्या दुधात ७ ते ८. चापरीवरून बाजार लांब, दूध वाटेतच नासायचं. तूप मात्र महिनोन्महिने टिकतं. शंभर लिटर दुधाचं सात-आठ किलो तूप केलं की ओझंही हलकं होतं. नासणाऱ्या दुधाला टिकाऊ करण्याची ही कला गवळ्यांनी डोंगरातूनच आणली होती.

इंग्रजांच्या सरकारदप्तरी मात्र ही जमीन 'पडीक' होती. हा शब्द मला फार खटकतो. ज्या गवतावर हजारो जनावरं जगत आणि ज्यावर सरकार दर जनावरामागे चराई कर घेई, ते पडीक कसं? म्हशीचा कर गाईपेक्षा जास्त असे.

पुढे याच गवताला दुसरे धनी मिळाले. गेंडे वाचवण्यासाठी १९०८ मध्ये काझीरंगा राखीव जंगल झालं, १९१६ मध्ये वन्यप्राण्यांचं अभयारण्य झालं. गेंडा वाचायलाच हवा होता, तो मूठभरच उरला होता. पण तिथून उठवल्या जाणाऱ्या गवळ्यांचं काय, हा प्रश्न आसामातले नेपाळी पुढारी छविलाल उपाध्याय यांनी धसाला लावला. १९२१ मध्ये आसाम असोसिएशन या राजकीय संघटनेच्या ज्या सभेतून प्रांतिक काँग्रेस उभी राहिली, तिचे अध्यक्ष हेच.

१९४०च्या दशकात 'अधिक धान्य पिकवा' म्हणत राखीव कुरणंही नांगरासाठी खुली झाली. कुरण आटलं तसे कळप घटले, आणि अनेक गवळ्यांनी म्हशी विकून स्वतःच शेती धरली.