अंगावर चढलं ते मांस की चरबी?

दोन किलो दोनशे ग्रॅमचं लेकरू सहा-आठ महिन्यांत गुटगुटीत दिसू लागलं, की वऱ्हाडातल्या आजीचा जीव भांड्यात पडतो. "लेकराच्या अंगावर मास चढलं आता," असं ती शेजारणीला कौतुकानं सांगते. पण चढलं ते खरंच मांस असतं का?

जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलेलं बाळ कमी वजनाचं समजतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलो, तिथली ३.५. ही तूट सगळ्या शरीरात सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक बाळ आतून चरबीदार!

असं का होतं? पोटात अन्न अपुरं पडलं की गर्भ मेंदूला आधी जगवतो. झळ बसते ती स्नायूंना, मूत्रपिंडाला आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर जन्मानंतर नव्यानं वाढत नाहीत. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. तेच कमी असले तर इन्सुलिनला जास्त राबावं लागतं. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या कॉर्टिसोलची घडीही बदलू शकते. काही मुलींना पाळी लवकर येते. टंचाईसाठी तयार झालेल्या शरीराला पुढे सुबत्ता झेपत नाही, हा 'काटकसरी' शरीराचा विचार हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी १९९२ मध्ये मांडला.

दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं मोजली गेली. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडलेली निघाली, ती मुलं दोन वर्षांची असताना बहुधा बारीक होती आणि नंतर भराभर भरत गेली. बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही लठ्ठ म्हणावं असं नव्हतं. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट: डोळ्यांना काही दिसतच नाही.

म्हणून बारक्या लेकराला उपाशी ठेवायचं का? मुळीच नाही. पहिली दोन वर्षं त्याची वाढ भरून निघायलाच हवी. सहा महिने फक्त आईचं दूध. मग घट्ट वरण, अंडं, दाण्याचा कूट, भाजी. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि साखरपाणी यांनी वजन वाढेल, स्नायू नाही. आणि सुरुवात त्याही आधी करायची आहे. सातव्या महिन्यातही कापूस वेचायला जाणारी, घरात सगळ्यात शेवटी जेवणारी बाई, आणि 'लेकरू मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल' म्हणून तिच्या ताटात कमी वाढणारं घर, हे बदलायला हवं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवले. तेव्हा जगलेली लेकरं आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांनी कंबर बारीक असली तरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, आणि डॉक्टरांना जन्माचं वजन आपणहून सांगावं. ते ज्या कार्डावर लिहिलेलं असतं, ते लसी संपल्या की रद्दीत जातं. सातबारा आणि रेशनकार्ड ठेवता, त्याच पिशवीत तेही ठेवा.