कारळ्यांवर आलेला पांढुरका पाहुणा

आपण ज्याची चटणी करून भाकरीबरोबर खातो, तेच कारळे अमेरिका-कॅनडात पक्ष्यांचं खाद्य म्हणून पोत्यांनी विकले जातात. भारत आणि इथिओपिया हे त्याचे मोठे पुरवठादार. अमेरिकेत नेताना हे बी आधी तापवावं लागतं, कारण त्यात अमरवेलीचं बी मिसळून गेलं आणि तिकडच्या शेतात रुजलं तर पंचाईत. तापवलेले कारळे उगवत नाहीत. पक्ष्यांना त्याचं काय, त्यांना तेल हवं असतं.

माझी आतेबहीण मिनेसोटात राहते. तिच्या अंगणात बारीक भोकांची एक नळी टांगलेली आहे आणि त्यात हे कारळे भरलेले असतात. एका जानेवारीत तिने फोटो पाठवला. नळीला वीसेक पक्षी लटकलेले, आणि खाली प्रश्न, ‘यातला वेगळा कुठला?’ मला सगळे सारखेच दिसले.

ते होते रेडपोल. चिमणीपेक्षा लहान, वजन जेमतेम १२ ते १६ ग्रॅम, कपाळावर डाळिंबी टिळा, हनुवटीवर काळा डाग, अंगावर तपकिरी रेघा. राहणार उत्तर ध्रुवाकडचे, पण ज्या वर्षी तिकडे भूर्जाला बी कमी धरतं, त्या हिवाळ्यात थवेच्या थवे दक्षिणेला उतरतात. त्यांच्या घशात एक पिशवी असते. उघड्यावर भराभर दाणे टिपून ती भरायची आणि झाडीत आडोशाला बसून सावकाश खायचे. आपल्याकडचं माकड गालात फुटाणे कोंबतं, तसलाच हिशेब.

या थव्यात क्वचित एखादा ‘हॉअरी रेडपोल’ निघतो, अंगावर दव गोठल्यासारखा पांढुरका. त्याला शोधताना नवखे लोक सर्वांत पांढरा पक्षी हेरतात आणि तिथेच फसतात. कडाक्याच्या थंडीत कुठलाही रेडपोल पिसं फुलवून बसला की फिकटच दिसतो, आणि साध्या रेडपोलचे प्रौढ नरही बरेच उजळ असतात.

बघायचं असतं शेपटीखाली. पक्षी नळीवर उलटा लटकला की तिथली पिसं आयती समोर येतात. साध्या रेडपोलच्या त्या पिसांवर ठसठशीत काळपट रेघा असतात. हॉअरीची कोरी पांढरी, फार तर एखादी केसाएवढी रेघ. मग पाठीचा खालचा भाग पाहायचा, तोही बिनरेघी पांढरा हवा. चोच आखूड, कुणी बोटाने आत दाबल्यासारखी, त्यामुळे चेहराच चपटा वाटतो. या सगळ्या खुणा जुळल्या तरच नाव घ्यायचं, कारण हॉअरीच्या तरुण मादीवर रेघा जास्त असतात आणि ती साध्या रेडपोलच्या उजळ नराच्या इतकी जवळ जाते, की जाणकारही हात टेकतात.

हात टेकण्याला तसंच कारण होतं, हे पुढे जनुकांच्या अभ्यासातून कळलं. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांना दोघांच्या जनुकांत जवळपास फरकच सापडला नाही. मग रंग आणि चोच वेगळी कशी? उत्तर २०२१ मध्ये मिळालं. त्यांच्या एका गुणसूत्राचा डीएनएच्या सुमारे साडेपाच कोटी अक्षरांचा तुकडा काही पक्ष्यांत उलटा बसलेला आहे. पिसांचा रंग आणि चोचीचा आकार यांच्याशी संबंधित जनुकं त्याच तुकड्यात आहेत. उलटा आणि सुलटा तुकडा एकमेकांशी सहसा अदलाबदल करत नाहीत, म्हणून ही जनुकं गाठोडं बांधल्यासारखी एकत्रच पुढच्या पिढीत जातात. बाकीचा जनुकसंच मात्र आपसातल्या संकरामुळे एकजीव झालेला.

२०२४ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रीय संस्थेने निकाल दिला की साधा आणि हॉअरी ही एकच जात, नाव नुसतं रेडपोल. मला हा निर्णय पटतो. आतेबहिणीला नाही. कित्येक तास खिडकीपाशी गारठून मिळवलेला पक्षी तिने आयुष्यभरात पाहिलेल्या पक्ष्यांच्या जातींच्या यादीतून एका रात्रीत गळला. ‘चोरी झाली म्हणून तक्रार करायची कुठे?’ असं तिने विचारलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिचा फोटो आला. तीच नळी, तेच कारळे, वीसेक पक्षी. खाली दोनच शब्द होते, ‘शेपटी बघ.’