दोन मोटरी, निम्मा-निम्मा भार? तसं होत नाही

10 एचपीच्या दोन इंडक्शन मोटरी एकाच शाफ्टला जोडल्या की भार आपोआप समान वाटला जातो, हा समज चुकीचा आहे. वाटणी ठरते स्लिपवर, म्हणजे मोटर सिंक्रोनस वेगापेक्षा (तिच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा) किती हळू फिरते त्यावर. 50 हर्ट्‌झवर चार पोलच्या मोटरीचा सिंक्रोनस वेग 1500 आरपीएम. एकीच्या नेमप्लेटवर पूर्ण भाराचा वेग 1440 आणि दुसरीच्या 1460 असेल, तर 20 एचपीच्या भाराखाली दोन्ही साधारण 1452 वर फिरतील. पूर्ण भाराला पहिलीची स्लिप 60, दुसरीची 40; म्हणून 48 च्या स्लिपवर पहिली 8 एचपी देईल, दुसरी 12. तापून जळते ती दुसरीच.

म्हणून बदली मोटर घेताना आरपीएम जुळवाच. प्रत्येकीला स्वतंत्र ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) लावा, करंटही क्लँप मीटरने वेगवेगळा मोजा. एकत्र अँपिअरवरून काहीच कळत नाही. दोन व्हीएफडी (मोटरीचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असतील तर एक स्पीड मोडवर (वेग सांभाळणारा), दुसरा टॉर्क मोडवर (फिरवण्याचा जोर सांभाळणारा) ठेवा. दोन्ही स्पीडवर ठेवले तर ते एकमेकांशी झुंजतात.